सभा थांबल्या तरी क्लब थांबू नये

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडच्या साथीला महासाथ म्हटले. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात, एका हौशी गायकवृंदाची नेहमीची साप्ताहिक तालीम झाली. ६१ जण आले होते. अडीच तास सगळे एका सभागृहात बसले, गायले, मध्ये सुटी घेऊन बोलले. त्यांतल्या एकाला लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत त्या ६१ पैकी ३३ जणांची लागण चाचणीने सिद्ध झाली, २० जणांची लक्षणांवरून धरली गेली आणि दोघे दगावले. ही तालीम आणि सेवाभावी क्लबची साप्ताहिक सभा यांत फार अंतर नाही. बंद खोली, लागून ठेवलेल्या खुर्च्या, वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखणारी आणि बरीचशी साठी ओलांडलेली माणसे, आणि सभा संपल्यावर दारात रेंगाळणारे घोळके, हे सगळे दोन्हीकडे सारखेच. तेव्हा महासाथीत सभा बंद करायच्या, यात वाद नाही.

वाद पुढच्या पावलाचा आहे. सभा बंद झाली की पुष्कळ क्लबांत सगळेच बंद पडते. क्लब म्हणजे सभा, हे समीकरण इतके पक्के बसलेले असते की सभेविना काय करायचे हे कुणाला सुचत नाही. काही क्लब याच्या अगदी उलट वागतात. रोज नवे काहीतरी जाहीर करतात, मिळेल ते वाटतात आणि तीन महिन्यांत माणसांनी आणि पैशांनी रिकामे होतात. दोन्हींत नुकसान त्यांचेच होते ज्यांच्यासाठी क्लब आहे. आमचे म्हणणे असे की महासाथीत क्लबने चालू राहिलेच पाहिजे, आणि चालू राहणे याचा अर्थ आधीपासून अंगावर घेतलेले काम, ज्यावर कुणीतरी विसंबून आहे ते, रीत बदलून पण न चुकता करत राहणे. नवे काम घ्यायचे ते त्या कामाला जोडून येईल तेवढेच.

सभेच्या जागेला इतके महत्त्व मुळात नव्हतेच. १९०५ साली शिकागोत रोटरीची पहिली बैठक झाली. पुढच्या बैठका सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीने होत आणि त्या फिरतेपणावरूनच संस्थेला ते नाव पडले. आळीपाळीने भेटणाऱ्या त्या मंडळींतून पुढे जी कामे उभी राहिली, त्यांत पोलिओचे काम सर्वांत मोठे. रोटरीने ते १९८५ साली जगभर हाती घेतले आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्यासह निर्मूलनाची संयुक्त मोहीम सुरू झाली. २०१४ च्या जुलैमध्ये नायजेरियात इबोला शिरला, तेव्हा पोलिओसाठी उभे केलेले आणीबाणी केंद्र, त्याची माणसे आणि संपर्क शोधण्याची त्यांची सवय ताबडतोब त्या कामाला जुंपली गेली. २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबर २०१४ रोजी देश इबोलामुक्त जाहीर झाला. नव्या रोगाला जुनी घडी उपयोगी पडली. ती घडी आधीच मोडून टाकली असती, तर हाताशी काही उरले नसते.

क्लबकडे माणसे थोडी असतात. त्याचे बळ ओळखीत असते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २४ मार्च २०२० रोजी अडीच लाख स्वयंसेवकांसाठी हाक दिली आणि काही दिवसांतच साडेसात लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. तो आकडा वाचून ऊर भरून येतो. पण सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला कामच आले नाही. नाव नोंदवायला दोन मिनिटे लागतात. कोणत्या दारामागे कोण एकटे आहे हे कळायला वर्षे जातात. ती माहिती क्लबाकडे आयती असते. ज्येष्ठांच्या नेत्रतपासणीत कोण आले होते, चाकाची खुर्ची कोणाकडे गेली, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीच्या घरी कमावते कोण आहे, हे सगळे जुन्या नोंदवह्यांत लिहिलेले असते. महासाथीच्या पहिल्या आठवड्यात करायचे पहिले काम म्हणजे त्या वह्या उघडून एक यादी करणे.

त्या यादीवर दूरध्वनीची साखळी उभी राहते. ४० सभासदांचा क्लब धरा. त्यांतले ३० जण फोन करायला तयार झाले आणि प्रत्येकाने ८ घरे घेतली, तर २४० घरे होतात. एका फोनला सरासरी १० मिनिटे धरली, तर एका माणसाचे आठवड्यातून दोनदा ८० मिनिटांचे काम झाले. घर आणि फोन करणारा यांची जोडी बदलू नये. आवाज ओळखीचा झाला की तिसऱ्या-चौथ्या फोनला माणूस खरे बोलू लागतो. तोवर ‘सगळे ठीक आहे’ हेच उत्तर मिळते. वार आणि वेळही ठरलेली हवी, म्हणजे समोरचा वाट पाहतो आणि फोन उचलला नाही तर त्याला अर्थ राहतो. प्रश्न चार-पाचच असावेत. औषधे किती दिवसांची उरली आहेत, घरात कुणाला ताप-खोकला आहे का, काही आणून हवे का, या आठवड्यात कुणाशी बोलणे झाले का. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य मात्र टाळावे. संकोची माणूस त्याला नेहमी नाहीच म्हणतो. ‘रक्तदाबाच्या गोळ्या मोजून सांगता का, मी थांबतो’ असे म्हटले की खरी संख्या कळते.

ही साखळी कुठे तुटते तेही ठरलेले आहे. फोन करणारा स्वतः आजारी पडतो आणि त्याची आठ घरे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून दोघांची जोडी लावायची, एकाची यादी दुसऱ्याकडे असू द्यायची. फोन उचलला गेला नाही, तर दोन तासांनी पुन्हा करायचा. तरीही उत्तर नसेल, तर आधीच लिहून ठेवलेल्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला विचारायचे. शेजाऱ्याचा क्रमांक पहिल्याच फोनला घेतलेला नसेल, तर त्या वेळी काही करता येत नाही. आणि कोण आजारी, कोण एकटे, ही माहिती क्लबच्या मोबाइल गटावर कधीही टाकू नये. ती फोन करणारा, त्याचा जोडीदार आणि एक समन्वयक, एवढ्यांतच राहावी. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाचा पत्ता शंभर मोबाइलांवर फिरणे हा त्या माणसाला सरळ धोका आहे.

क्लबचे सभासद वयस्क असतात, त्यांना साथीत बाहेर कसे काढायचे, असा आक्षेप नेहमी येतो. आक्षेप खरा आहे. वयाबरोबर कोविडने मृत्यूची जोखीम झपाट्याने वाढत गेली. पण दूरध्वनीच्या साखळीसाठी हेच सभासद सर्वांत योग्य. त्यांना वेळ असतो, धीर असतो, आणि एकटेपणा म्हणजे काय ते त्यांना सांगावे लागत नाही. साठीच्या पुढचे, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले सभासद घरून फोन, नोंदी, हिशेब आणि चौकशी सांभाळतील. बाहेरची धावपळ थोड्या तरुण सभासदांकडे राहील. ही वाटणी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट लिहून जाहीर करावी. लिहिली नाही, तर नेमका सत्तरीतला एखादा उत्साही माजी अध्यक्ष सर्वांत आधी बाहेर पडतो आणि त्याला अडवायचा धीर कुणालाच होत नाही.

रक्तदानाकडे वळू, कारण क्लबांनी सर्वांत सहज थांबवले आणि सर्वांत महाग पडले ते हेच काम. महाविद्यालये आणि कचेऱ्या बंद पडल्या की शिबिरांच्या जागा जातात. ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याने मागणी थोडी घटते, पण अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, थॅलेसेमियाची मुले, कर्करोगाचे रुग्ण यांची गरज साथीसाठी थांबत नाही. शिवाय रक्त फार दिवस साठवून ठेवता येत नाही. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि साधारण ५ दिवसांत वापराव्या लागतात. आता क्लबांची आवडती पद्धत पाहा. वर्षातून एकदा, वर्धापनदिनी, २०० दात्यांचे भव्य शिबिर. त्या दिवशी रक्तपेढीचा साठा भरून वाहतो, सहाव्या आठवड्यात त्यातले काही उरत नाही, आणि ते २०० दाते अजून पुन्हा रक्त देऊ शकत नाहीत.

त्याऐवजी त्याच २०० जणांचे १३ गट करा. दर आठवड्याला १५-१६ जण. १३ आठवडे म्हणजे ९१ दिवस. ज्या ठिकाणी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे अंतर पाळतात, तिथेही पहिला गट पुन्हा पात्र होतो आणि चक्र आपोआप फिरत राहते. काही देशांत स्त्रियांसाठी हे अंतर चार महिन्यांचे आहे, त्यामुळे त्यांचा गट वेगळा ठेवावा. १६ दात्यांना दोन खाटा पुरतात. प्रत्यक्ष रक्त काढायला जेमतेम १० मिनिटे लागतात. पुसणे आणि विसावा धरून एका खाटेवर २० मिनिटे मोजली, तर तासाला ६ जण, म्हणजे पावणेतीन तासांत काम संपते. दोन खाटांवरच्या वेळा १० मिनिटांच्या फरकाने दिल्या की दारात दोघांपेक्षा जास्त माणसे थांबत नाहीत. ठरवलेल्यांतले काही जण ऐनवेळी येत नाहीत, काहींचे हिमोग्लोबिन कमी भरते, म्हणून तीन-चार जास्तीची नावे तयार हवीत आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन गेला पाहिजे. शिबिरानंतर पंधरवड्यात दात्याला ताप आला, तर ते रक्तपेढीला कळले पाहिजे. हा चौकशीचा फोन क्लबने करावा, रक्तपेढीच्या कर्मचाऱ्यांना तेवढी उसंत नसते. आजारातून उठल्यावर किती दिवसांनी रक्त द्यायचे हे मात्र रक्तपेढीच ठरवील. त्यात क्लबने मत देऊ नये.

रुग्णोपयोगी साहित्य उसने देण्याचे केंद्र अनेक क्लबांकडे असते. खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या. महासाथीत त्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले आणि इथेच सदिच्छेच्या पोटी चुकाही फार झाल्या. हे यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडकवून साधारण ९० ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते. ५ लिटरचे यंत्र मिनिटाला ५ लिटरपर्यंतच देते. ज्याला १० किंवा १५ लिटर लागतो, त्या रुग्णाला हे यंत्र देऊन घरी ठेवणे म्हणजे त्याचा रुग्णालयात जाण्याचा वेळ खाणे. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रवाह पाहिल्याशिवाय यंत्र दाराबाहेर जाऊ नये, मग समोरचा कितीही जवळचा असो. हा नियम ऐन गर्दीच्या आठवड्यात नव्हे, आधीच करून ठेवायचा. रडणाऱ्या नातेवाइकासमोर नियम बनवता येत नाहीत.

यंत्राची निगा साधी आहे, पण ती कुणाच्या तरी नावावर हवी. बाहेरची जाळी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवायची; ओली बसवली तर ओलावा आत जातो आणि झिओलाइट खराब होते. भिंत आणि पडदे यांपासून यंत्र निदान ३० सेंटीमीटर दूर. आर्द्रतेच्या बाटलीत ऊर्ध्वपातित किंवा उकळून गार केलेले पाणी, रोज बदललेले. नाकातली नळी एका रुग्णाची ती त्याचीच. दुसऱ्याला जाताना नवी. जवळ विडी-सिगारेट, देव्हाऱ्यातली समई किंवा शेगडी असे काहीही पेटते नको, ३ मीटरच्या आत तर नकोच, कारण ऑक्सिजनमध्ये कापडही भडकून पेटते. वीज गेली की यंत्र थांबते, त्यामुळे ज्या घराला पर्यायी सिलिंडरची सोय नाही, त्या घराला ते आधी स्पष्ट सांगावे. यंत्र परत आले की पूर्ण प्रवाहावर चालवून शुद्धता मोजावी; जुन्या यंत्रात कमी प्रवाहावर आकडा ठीक दिसतो आणि पूर्ण प्रवाहावर ८२ टक्क्यांच्या खाली घसरतो. साथ ओसरल्यावर ही यंत्रे गोदामात वर्षभर पडून राहिली तर ओलाव्याने निकामी होतात. महिन्यातून काही तास ती चालवावी लागतात, आणि वस्तू विकत घेताना हा विचार कोणीच करत नाही.

यंत्रे परत न येणे ही वेगळी अडचण. रुग्ण बरा होतो, पण घरच्यांना भीती असते, ‘असू दे आठ दिवस’ म्हणत यंत्र कपाटाशेजारी महिनाभर राहते, आणि दुसऱ्या दारी कुणीतरी यंत्रासाठी वणवण करत असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, भीती खरी असते. मुदत ७ दिवसांचीच द्यावी आणि सातव्या दिवशी क्लबकडून फोन जावा. वाढवून हवी असेल तर डॉक्टरांचा निरोप हवा. ‘गरज पडली तर चार तासांत पुन्हा आणून देऊ’ असे आश्वासन दिले आणि ते पाळले, की यंत्रे परत येऊ लागतात. अनामत रकमेपेक्षा या शब्दाचा उपयोग जास्त होतो.

यंत्राबरोबर रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जातोच. तो कसा वापरायचा हे दोन मिनिटांत शिकवता येते आणि ती दोन मिनिटे कोणी देत नाही. पाच मिनिटे स्वस्थ बसून मग मोजायचे. बोट गार असेल तर चोळून गरम करायचे, नखाला रंग असेल तर काढायचा, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचे, मग वेळेसकट लिहायचे. ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना कळवायचे, ९० च्या खाली गेला की वाट पाहायची नाही. गडद वर्णाच्या त्वचेवर ही उपकरणे आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतात, हे २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले. म्हणून आकडा बरा पण माणूस धापा टाकतोय, ओठ निळसर झाले आहेत, बोलण्यात गोंधळ आहे, असे असेल तर माणसाकडे पाहायचे आणि निघायचे.

औषधे घरपोच देण्याविषयी थोडक्यात. चिठ्ठीवरचे नाव आणि मात्रा यांची जुळणी दुकानातच करावी, बंद पिशवी दारात ठेवून दोन मीटर मागे व्हावे, ती उचलली गेल्याचे पाहून मगच निघावे. रोख रक्कम हाताळू नये. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत न्यायची असते, पण बर्फाच्या पिशवीला ती थेट टेकता कामा नये. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. मध्ये जाड कापडाचा थर घालावा.

आता जे करू नये त्याविषयी बोलणे भाग आहे. २०२० मध्ये रस्त्यांवर आणि माणसांवर जंतुनाशक फवारण्याचे पेव फुटले. कित्येक संस्थांनी फवारणीच्या कमानी उभारल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १५ मे २०२० रोजी स्पष्ट सांगितले की माणसांवर जंतुनाशक फवारणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही आणि रस्त्यांवरच्या फवारणीचाही उपयोग नाही, कारण धूळ आणि घाण क्लोरीनला निष्प्रभ करतात. माणसाच्या नाकातोंडातला विषाणू अंगावर पाणी उडवून मरत नाही. डोळे, त्वचा आणि श्वासनलिका मात्र होरपळतात. तरीही हे काम लोकप्रिय झाले, कारण ते दिसते. त्याचा फोटो येतो. दूरध्वनीवर १० मिनिटे एका म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या मोजून घेण्याचा फोटो येत नाही. क्लोरीनच वापरायचे तर ते दारांच्या मुठी, नळ, कठडे, चाकाच्या खुर्चीचे हात यांसाठी वापरावे. ५ टक्के द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे ४९ भाग मिळून ०.१ टक्का होतो, तेवढा पुरतो. आधी साबणाने पुसून, मग हे लावून, निदान एक मिनिट ओले राहू द्यावे. द्रावण रोज ताजे करावे आणि आम्ल किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही स्वच्छकात ते कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

लसीकरण सुरू झाले की क्लबला पुन्हा मोठे काम मिळते, आणि तेही फारसे न दिसणारे. गणित साधे आहे. केंद्रावर चार परिचारिका आहेत आणि प्रत्येकीला एका माणसामागे चार मिनिटे लागतात, तर तासाला ६० जण टोचून बाहेर येतात. प्रत्येकाला १५ मिनिटे देखरेखीत बसवायचे, म्हणजे कोणत्याही क्षणी १५ खुर्च्या भरलेल्या. ज्यांना पूर्वी तीव्र अॅलर्जी झाली आहे ते ३० मिनिटे बसतात, म्हणून २० खुर्च्या अंतर ठेवून मांडाव्यात. खुर्च्या कमी पडल्या की टोचणे थांबते, रांग वाढते, आणि लोक रोगाला टाळायला आलेल्या ठिकाणीच एकमेकांना खेटून उभे राहतात. अशा केंद्राचा अडथळा लसीचा नसतो, खुर्च्यांचा असतो.

दुसरी गोष्ट कुपीची. कोविडच्या अनेक लसींच्या कुपीत एकाहून जास्त मात्रा होत्या. ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाच्या १० मात्रांच्या कुपीला टोचले की सहा तासांत ती संपवावी लागे. दिवसाच्या शेवटी तिघेच उरले आणि नवी कुपी उघडली, तर सात मात्रा वाया. क्लबकडे पंधरा मिनिटांत येऊ शकणाऱ्या, त्या दिवशी पात्र असलेल्या ३० जणांची यादी असेल, तर केंद्र बंद व्हायच्या तासभर आधी फोन करून त्या मात्रा वापरात येतात. यादी आधी जाहीर केलेल्या निकषांवर लावावी आणि ती केंद्रप्रमुखाकडेही असावी. तसे केले नाही, तर यादीत पदाधिकाऱ्यांचे नातेवाईक दिसू लागतात, आणि एकदा तो संशय आला की क्लबचे कोणतेच काम लोक निर्मळ मनाने पाहत नाहीत.

स्वयंसेवक आजार पसरवतात, हा दुसरा मोठा आक्षेप. तो झटकून टाकू नये, कारण काळजी घेतली नाही तर तसेच घडते. उपाय असा की बाहेर काम करणाऱ्यांचे तीन-तीन जणांचे गट पक्के करायचे आणि एका गटातला माणूस दुसऱ्यात पाठवायचा नाही. एकाला ताप आला तर तिघे घरी बसतील, बाकीचे काम चालू राहील. ऐनवेळी ‘आज एक कमी आहे, तू ये’ असे झाले की ही व्यवस्था कोसळते, आणि तसे सारखे होते. त्यापेक्षा त्या दिवशीचे काम कमी करावे. ‘बरे वाटत नाही’ एवढे सांगून कुणालाही कारण न विचारता घरी राहता आले पाहिजे. जिथे कारण विचारले जाते तिथे लोक लक्षणे लपवतात. पाळी चार तासांची, आणि दोन आठवड्यांमागे एक आठवडा सुटी. साथ काही आठवड्यांची असेल असे समजून पहिल्या महिन्यात सगळ्यांनी स्वतःला झोकून दिले, तर चौथ्या महिन्यात कोणी उरत नाही.

साथ किती चालते त्याचा हिशेब क्लबच्या रचनेशी ताडून पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचे सांगितले. रोटरी आणि लायन्स यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. म्हणजे या एकाच आणीबाणीत त्यांच्या प्रत्येक क्लबने चार कारकिर्दी पाहिल्या. दर जुलैला नवा अध्यक्ष, नवा सचिव, आणि बहुतेक वेळा नवा मानाचा प्रकल्प. फोनची साखळी आदल्या अध्यक्षाची म्हणून मागे पडली, कॉन्सन्ट्रेटरची नोंदवही माजी सचिवाच्या घरी राहिली, असे व्हायला वेळ लागत नाही. पद बदलणे चांगलेच आहे, सत्ता एका हाती साचत नाही. पण महासाथीतल्या कामाला तीन जणांची एक समिती हवी, जी जुलैत बदलत नाही. तिला ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाचा अधिकार असावा, प्रत्येक धनादेशावर दोन सह्या असाव्यात, साथीसाठी आलेला पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि दर पंधरा दिवसांनी जमाखर्च सर्व सभासदांना लेखी जावा. दूरस्थ सभेत घेतलेला निर्णय ग्राह्य धरण्याची तरतूद क्लबच्या घटनेत आधीच करून ठेवावी; ती नसेल, तर किमान उपस्थितीअभावी महिनोन्‌महिने काहीच मंजूर होत नाही किंवा सगळे तोंडी चालते. दुसरे जास्त वाईट.

हे सगळे सरकारचे काम आहे, क्लबने कशाला करायचे, असेही विचारले जाते. रुग्णालये, लस, चाचण्या, उत्पन्न बुडालेल्यांना आधार, हे सरकारचेच काम आहे आणि क्लबने ते स्वतःकडे घेऊ नये. घेतले तर झेपणार नाही, आणि सरकारला अंग काढून घ्यायला निमित्त मिळेल. पण २४० घरांना आठवड्यातून दोनदा फोन करणाऱ्या क्लबला कोणत्या भागात रुग्णवाहिका येत नाही, कोणत्या दुकानात कोणते औषध तीन आठवडे नाही, हे अधिकाऱ्यांच्या आधी कळते. ती माहिती नावे वगळून, तारखांसह, दर आठवड्याला लेखी स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा गेली पाहिजे. क्लबांना हे राजकारण वाटते आणि ते कचरतात. आम्हाला तो सेवेचाच भाग वाटतो. शंभर घरांना औषध पोचवण्याइतकेच, ते औषध दुकानात का नाही हे विचारणेही गरजेचे आहे.

जुनी कामे थांबली की काय होते, त्याचा सर्वांत दुःखद आकडा मुलांचा आहे. २०२० मध्ये जगभरात २.३ कोटी मुले नियमित लसींपासून वंचित राहिली, आदल्या वर्षीपेक्षा ३७ लाख जास्त. गोवर, घटसर्प आणि डांग्या खोकला यांना कोविड संपण्याशी काही देणेघेणे नसते. ज्या क्लबांनी वर्षानुवर्षे लसीकरणाच्या दिवशी मुलांना केंद्रावर आणण्याचे काम केले, त्यांच्याकडे कोणते मूल कोणत्या मात्रेपर्यंत आले आहे त्याच्या नोंदी होत्या. त्या पालकांना एक फोन, केंद्र चालू आहे आणि तुमची वेळ साडेदहाची आहे एवढाच, सभा बंद असतानाही करता येत होता.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण तयारीला साथीची वाट पाहावी लागत नाही. वर्षातून दोनदा, एखाद्या साध्या रविवारी, क्लबने आपली यादी उघडून प्रत्येक घरी फोन लावावा. काही क्रमांक बंद निघतील, काही माणसे गाव सोडून गेलेली असतील, काही आता हयात नसतील. शेजाऱ्यांचे क्रमांकही जुने झालेले असतील. त्याच दिवशी कॉन्सन्ट्रेटर दोन तास चालवून पाहावेत आणि दात्यांचे तेरा गट पुन्हा लावून घ्यावेत. तीस जणांनी मनावर घेतले तर दुपारपर्यंत हे होते.